घर बदलताना वर्षभराचे पैसे भरलेले ब्रॉडबँड मुदतीआधी बंद करण्याबाबत

गावभागकर (सांगली) – प्रश्न

नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरांत या घरात पाणी आले होते, हे घरमालकांनी घर देतानाच प्रामाणिकपणे सांगितले होते. परंतु जानेवारीत आईच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढू लागल्यावर तिला रात्री-अपरात्री हलवण्याची वेळ येऊ नये, म्हणून पावसाळ्याआधीच कुपवाड रस्त्याकडील एका लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला जाण्याचे आम्ही ठरवले आहे. घराचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि एक महिना आधी कळवून घर सोडण्याची त्यात मुभा आहे, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नाही. अडचण आली आहे ती ब्रॉडबँडची.

गेल्या १ ऑक्टोबरपासून मी एका कंपनीची फायबर जोडणी घेतली आहे. दरमहा पैसे भरल्यास भाडे ९०० रुपये होते. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास महिन्याला ७५० रुपये पडतील आणि जोडणीचा १,००० रुपयांचा आकार माफ होईल, असे सांगितले गेल्यामुळे मी ९,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे १,६२० रुपये, असे एकूण १०,६२० रुपये भरले. याशिवाय राउटरसाठी १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत ठेवली. येत्या ३० एप्रिलला सात महिने पूर्ण होतील आणि पाच महिने शिल्लक राहतील.

आमच्या भागात या कंपनीचे काम पाहणाऱ्या एजंटांना मी फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की नव्या पत्त्यावर त्यांची लाइन नाही, उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत, माफ केलेले १,००० रुपये आता भरावे लागतील आणि मुदतीआधी जोडणी बंद केल्याबद्दल अनामतही जप्त होईल. अर्जावर सही करताना त्यामागील बारीक अक्षरांतल्या अटी मी वाचल्या नव्हत्या, हे मला मान्य आहे. तरीही मी सेवा वापरणारच नाही अशा पाच महिन्यांचे पैसे, वर जोडणीचा आकार आणि वर अनामत, असे तीन मार्गांनी पैसे घेण्याचा कंपनीला खरोखर अधिकार आहे का? माझे हिशेबनिसाचे काम घरून चालते, त्यामुळे नव्या घरी पहिल्या दिवसापासून इंटरनेट लागणार आहे आणि दोन ठिकाणचा खर्च सोसणे मला जड जाईल. नेमकी सुरुवात कोठून करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

करंजेकर (सातारा)

मी दूरसंचार क्षेत्रात केबलच्या आणि पुढे फायबरच्या कामावर अनेक वर्षे होतो, आता निवृत्तीनंतर साताऱ्यात करंजे येथे राहतो. कायद्याचे जाणकार कायद्याचे बोलतीलच. मी फक्त लाइनीचे बोलतो, कारण आपल्या प्रश्नाचा निम्मा उलगडा तेथे होण्याची शक्यता आहे.

‘तेथे आमची लाइन नाही’ या एका वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ असतात. पहिला अर्थ असा की त्या रस्त्याने कंपनीची फायबर केबल गेलेलीच नाही. दुसरा असा की केबल गेली आहे, परंतु खांबावरच्या डब्यातील स्प्लिटरचे सर्व पोर्ट भरलेले आहेत. कंपनीच्या केंद्रातील ओएलटी या यंत्राच्या एका पोर्टवरून निघालेला फायबर स्प्लिटरने विभागून साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो, त्यामुळे गल्लीत केबल असूनही नव्या घराला जागा नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. नवा स्प्लिटर बसवला की ती अडचण संपते. अंतराचा प्रश्न सांगली ते कुपवाड एवढ्यात येत नाही, कारण या पद्धतीत केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत सेवा देता येते. तिसरा अर्थ ग्राहकाला कधीच सांगितला जात नाही. तो असा की तो भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या एजंटाकडे आहे. आपली जोडणी तिकडे गेली की या एजंटाचे दरमहाचे कमिशन जाते, म्हणून ‘लाइन नाही’ असे सांगून तो मोकळा होतो. सगळेच एजंट असे करतात असे मी म्हणत नाही, परंतु हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की एजंटाच्या तोंडी नकारावर कोणीही विसंबू नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून बंद करण्याचा अर्ज देण्याआधी कंपनीकडे, एजंटाकडे नव्हे, जोडणी नव्या पत्त्यावर हलवून मिळावी असा लेखी अर्ज द्या. त्यात नव्या इमारतीचा पूर्ण पत्ता, मजला आणि शक्य असल्यास जवळच्या खांबाची खूण लिहा. जोडणी हलली तर उरलेले पाच महिने आपोआप वापरले जातील आणि परताव्याचा वादच राहणार नाही. हलवण्यासाठी काही आकार मागितला तर तो गैरवाजवी समजू नका, कारण खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप केबल सहसा काढून पुन्हा वापरता येत नाही. नव्या घराला ती नव्याने ओढावी लागते. आणि कंपनीने ‘त्या पत्त्यावर सेवा शक्य नाही’ असे लेखी कळवले, तर तेही आपल्या उपयोगाचेच आहे. सेवा आपल्याला नको होती म्हणून नव्हे, तर कंपनी देऊ शकत नव्हती म्हणून ती बंद झाली, ही गोष्ट तिच्याच शब्दांत कागदावर राहील.

राउटराबद्दलही दोन शब्द लिहितो. भिंतीवर फायबरची पिवळी किंवा काळी तार ज्यात जाते ते उपकरण ओएनटी होय. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रात नोंदलेला असतो, त्यामुळे ते आपल्याला दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर वापरता येत नाही. कंपनीला मात्र ते दुसऱ्या ग्राहकाकडे पुन्हा लावता येते. ते चालू स्थितीत असताना दिवे आणि अनुक्रमांक दिसतील असे छायाचित्र काढून ठेवा, अॅडॉप्टरसह परत करा आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. सामान हलवणाऱ्या माणसांना ती तार ओढू देऊ नका. ती वाकून तुटली की लाल दिवा लागतो आणि मग ‘उपकरण बिघडवले’ असा आक्षेप येतो. तळमजल्यावरच्या घरात पावसाळ्यापर्यंत ते उपकरण ठेवण्यात अर्थ नाही, कारण पाण्यात गेलेल्या उपकरणाची अनामत परत मिळवणे फार कठीण होते.

दोन घरांच्या मध्ये महिना-दोन महिन्यांचे अंतर असेल, तर काही सेवाप्रदाते जोडणी तेवढा काळ थांबवून ठेवतात. बीएसएनएलमध्ये या सोयीला ‘सेफ कस्टडी’ म्हणतात. आपल्याला तशी गरज दिसत नाही, परंतु हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असू शकते.

गोडोलीची लेक (सातारा)

वरील सल्ल्यातील पावतीच्या मुद्द्यावर मला माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण ती एक पावती न घेतल्यामुळे आमच्या घरी कित्येक महिने मनस्ताप झाला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गोडोलीतून शाहूपुरीत राहायला गेलो. आमची जोडणी आधी वापर आणि नंतर बिल अशा पद्धतीची होती. घर बदलण्याच्या धावपळीत मी वसुलीला येणाऱ्या मुलाला ‘या महिन्यापासून बंद करा’ असे तोंडी सांगितले, त्याने ‘हो ताई, करतो’ म्हटले आणि लाइनमन येऊन राउटर घेऊन गेला. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. प्रत्यक्षात कंपनीच्या नोंदीत जोडणी चालूच होती. दर महिन्याला बिल तयार होत होते, ते जुन्या पत्त्यावर जात होते आणि त्यावर उशिराचा दंड चढत होता. पाचव्या महिन्यात सासऱ्यांच्या मोबाइलवर वसुलीचे फोन सुरू झाले, कारण जोडणी त्यांच्या नावावर होती. आयुष्यात कोणाचे रुपयाचे देणे न ठेवलेल्या माणसाला परक्या व्यक्तीने दिवसातून तीन वेळा फोन करून थकबाकीदार म्हणावे, हे त्यांना फार लागले. त्यांनी मला न सांगता पैसे भरून टाकण्याचीही तयारी केली होती.

मग मी कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर रीतसर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घेतला. पहिले उत्तर ‘बंद करण्याची विनंती नोंदलेली नाही’ असेच आले. त्यावर मी कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील केले आणि त्यासोबत नव्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार जोडला, कारण त्या तारखेनंतर आम्ही जुन्या घरात राहतच नव्हतो याचा तो एकमेव सरकारी पुरावा माझ्याकडे होता. सेवेचा वापर पाच महिने शून्य असल्याचे त्यांच्याच नोंदीत दिसत होते. शेवटी पाच महिन्यांची बिले रद्द झाली. राउटरची किंमत मात्र त्यांनी सोडली नव्हती. तो लाइनमन काम सोडून गेला होता आणि राउटर नेल्याचा कोणताही कागद माझ्याकडे नव्हता. सुदैवाने त्याने येण्याआधी ‘राउटर न्यायला येतो’ असा संदेश माझ्या फोनवर पाठवला होता. तो जुना संदेश सापडला म्हणून आमचे पैसे वाचले.

तेव्हा गावभागकर दादा, एजंटांशी बोलणे कितीही सौजन्याचे असले तरी प्रत्येक बोलण्यानंतर त्याच दिवशी कंपनीला ईमेल पाठवा आणि ‘आज आपल्या प्रतिनिधींनी मला असे सांगितले’ एवढे दोन ओळींत लिहून ठेवा.

न्यायपथ (सांगली)

मी सांगलीत वकिली करतो आणि ग्राहक तक्रारींची प्रकरणे नियमित चालवतो. येथे लिहितो आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून. आपल्या अर्जामागील अटी मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्या आधी शांतपणे वाचाव्यात ही पहिली विनंती.

आपल्याकडून मागितल्या जाणाऱ्या तिन्ही रकमांचे स्वरूप वेगळे आहे आणि एजंटांनी त्या एकत्र केल्यामुळे गोंधळ झाला आहे. पाच महिन्यांचे भाडे ही न दिलेल्या सेवेची आगाऊ घेतलेली रक्कम आहे. जोडणीचा आकार ही अटीवर दिलेली सवलत आहे. अनामत मात्र राउटर सुरक्षित परत यावा म्हणून घेतलेली आहे. राउटर चांगल्या स्थितीत परत केल्यावर अनामत ठेवून घेण्याचे कारणच उरत नाही. ती जोडणी बंद करण्याचा दंड म्हणून वळती करता येते, असे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो मुद्दा तेथेच संपतो, आणि लिहिलेले असेल तरी तो निर्विवाद होत नाही.

याचे कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे करारात लिहिलेले असले, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारातील रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. ती आपोआप वसूल करण्याचा आकडा नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निवाड्यात हे स्पष्ट केले आणि आधीच जमा असलेली रक्कम जप्त करण्यालाही हेच तत्त्व लागू केले. २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणातही तेच तत्त्व पुन्हा मांडले गेले. जमिनीच्या मोठ्या व्यवहारांतून आलेले हे निवाडे आहेत, परंतु तत्त्व १,५०० रुपयांच्या अनामतीलाही तेवढेच लागू पडते.

आता आपण काय मागावे, याबद्दल. पाच महिन्यांचे पूर्ण ३,७५० रुपये आणि त्यावरील कर मागू नका, असे मी स्पष्टपणे सुचवेन. कंपनीने ७५० रुपयांचा दर बारा महिन्यांच्या बोलीवर दिला होता. आपण सात महिनेच राहिलात तर त्या सात महिन्यांसाठी ९०० रुपयांचा दर लावण्याचा तिचा आग्रह मला न्याय्य वाटतो. तसा हिशेब केला तर सात महिन्यांचे ६,३०० रुपये होतात आणि ९,००० मधून २,७०० रुपये उरतात. जोडणीच्या माफ केलेल्या १,००० रुपयांपैकी न राहिलेल्या पाच महिन्यांचा वाटा सुमारे ४१७ रुपये येतो. तोही वजा केला तर २,२८३ रुपये आणि त्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी ४११ रुपये, असे २,६९४ रुपये परत आणि अनामतीचे १,५०० रुपये वेगळे, ही मागणी कोणत्याही समंजस अधिकाऱ्यासमोर टिकेल. हा हिशेब आपण स्वतः मांडून अर्जात लिहिला, तर ग्राहक अडून बसलेला नाही, कंपनीचे नुकसान तो स्वतःहून भरून देत आहे, हे कागदावरून दिसते. माझ्या अनुभवात अशा नेमक्या मागणीला नकार देणे ‘सर्व पैसे परत द्या’ या मागणीला नकार देण्यापेक्षा फार अवघड जाते.

तक्रारीचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. आपल्या बिलावर परवानाधारक कंपनीचे नाव असेल. एजंट हा तिचा प्रतिनिधी आहे, म्हणून सर्व पत्रव्यवहार कंपनीच्या नावे करावा. एजंटांनी रोख रक्कम घेऊन बिल दिले नसेल तर ते आधी मागून घ्या, कारण दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे हीच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीला तक्रार केंद्र ठेवावे लागते आणि प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. तेथे समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते, ती चुकवू नये. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट दिल्लीला पत्र पाठवून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांत जोडणी बंद करण्यासाठी ७ दिवसांचा आणि अनामत परत करण्यासाठी ४५ दिवसांचा निकष आहे. आपल्या अर्जात या दोन्ही मुदतींचा उल्लेख जरूर करावा.

त्यानंतरही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असा जुना आक्षेप काही कंपन्या अजूनही घेतात. परंतु २०१९ च्या कायद्यात ‘सेवा’ या व्याख्येतच दूरसंचाराचा समावेश आहे आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात तो आक्षेप फेटाळला आहे.

एक सावधगिरीची सूचना करतो. त्याच कायद्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र संकल्पना आहे आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणे हे तिचे एक ठळक उदाहरण म्हणून दिलेले आहे. ते वाचून अनेकजण उत्साहाने ‘करारच अनुचित ठरवा’ अशी मागणी लिहितात. तशी मागणी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. चार हजार रुपयांसाठी तो रस्ता धरू नका. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यापुरती तक्रार मर्यादित ठेवा, म्हणजे ती सांगलीतच चालेल.

मिरजेचे घरमालक

मी मिरजेत दोन सदनिका भाड्याने देतो, म्हणून घरमालकाच्या बाजूने एक पर्याय आणि त्यातील धोका सांगतो. गावभागातील घरात आपल्यानंतर नवा भाडेकरू येणार असेल तर त्याला विचारून पाहा. उरलेले पाच महिने त्याने घेतले आणि त्याचे पैसे आपल्याला दिले, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

मात्र हे केवळ आपसांत ठरवून करू नका. माझ्या एका सदनिकेत जुन्या भाडेकरूच्या नावावरची जोडणी नवा भाडेकरू आठ महिने वापरत होता. त्या जोडणीवरून कोणी काही गैरप्रकार केला असता तर चौकशी ज्याचे नाव आणि ओळखपत्र नोंदलेले आहे त्याच्याकडे प्रथम गेली असती, आणि तो मनुष्य तोवर नोकरीसाठी नाशिकला गेला होता. कळल्यावर मी दोघांनाही बोलावून जोडणी नावावर करून घ्यायला लावली. त्यासाठी नव्या ग्राहकाचा अर्ज आणि त्याच्या ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे लागतात. अनामतही कोणाच्या नावे राहील हे तेव्हाच लिहून घ्यावे.

भाडेकरूंना माझी आणखी एक विनंती आहे. आपल्याकडे घराचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात, आणि त्या घरात इंटरनेट मात्र बारा महिन्यांचे घेतले जाते. मी आता नवीन भाडेकरूला चावी देतानाच सांगतो की तीन किंवा सहा महिन्यांचीच योजना घ्या, थोडे महाग पडले तरी चालेल.

गावभागकर (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. २ एप्रिलला मी हा प्रश्न विचारला होता. आज २० मे आहे आणि मधल्या काळात जे घडले ते सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

करंजेकर काकांच्या सल्ल्याप्रमाणे ४ एप्रिलला मी कंपनीला जोडणी हलवण्याचा अर्ज ईमेलने पाठवला आणि तो शक्य नसल्यास ३० एप्रिलपासून जोडणी बंद करावी असेही त्यातच लिहिले. ९ एप्रिलला उत्तर आले की नव्या पत्त्यावर सध्या सेवा देणे शक्य नाही आणि आगाऊ भरलेली रक्कम धोरणानुसार परत केली जात नाही. पहिल्या वाक्याने माझे काम सोपे झाले. ११ एप्रिलला मी अपील केले आणि न्यायपथ साहेबांनी दिलेला हिशेब जसाच्या तसा मांडला. अटींचा कागदही वाचला. त्यात मुदतीआधी बंद केल्यास सवलत काढून घेण्याचे कलम होते, परंतु अनामत जप्त करण्याबद्दल एक अक्षरही नव्हते, तेही अपिलात लिहिले.

३० एप्रिलला राउटर आणि अॅडॉप्टर मी एजंटांकडे न देता कंपनीच्या कार्यालयात नेऊन दिले. तेथील कर्मचारी पावती द्यायला तयार नव्हते, ‘सिस्टीममध्ये नोंद होते’ असे म्हणत होते. मी गोडोलीच्या ताईंचा अनुभव मनात ठेवून तेथेच बसून राहिलो आणि अर्ध्या तासाने अनुक्रमांकासह सही-शिक्क्याची पावती मिळाली.

अपिलाचा निर्णय १५ मे रोजी, म्हणजे ३४ व्या दिवशी आला. ९०० रुपयांच्या दराने सात महिने धरून आणि जोडणीचा ४१७ रुपयांचा वाटा वजा करून २,२८३ रुपये आणि जीएसटी ४११ रुपये, असे २,६९४ रुपये मंजूर झाले आणि ते काल खात्यात जमा झाले. राउटर परत मिळाल्याची नोंद आहे आणि अनामत नियमाप्रमाणे परत केली जाईल, एवढेच त्यात म्हटले आहे. तारीख दिलेली नाही. ३० एप्रिलपासून ४५ दिवस धरले तर १४ जून ही तारीख येते. तोपर्यंत वाट पाहावी की आताच पुन्हा लिहावे?

नव्या घरी मी दुसऱ्या कंपनीची तीन महिन्यांची योजना घेतली आहे. आई खिडकीत बसून रस्ता पाहते आणि तिला आता पावसाची काळजी वाटत नाही.

न्यायपथ (सांगली)

आताच एक छोटा ईमेल पाठवा. त्यात अपिलाचा क्रमांक, पावतीची तारीख, राउटरचा अनुक्रमांक आणि ‘१४ जूनपर्यंत १,५०० रुपये जमा व्हावेत’ एवढेच लिहा आणि रद्द केलेल्या धनादेशाची प्रत जोडा, कारण ‘खात्याचा तपशील मिळाला नाही’ हे उशिराचे सर्वांत नेहमीचे कारण असते. १५ जूनला रक्कम आलेली नसेल तर नवी तक्रार नोंदवून तिचा वेगळा क्रमांक घ्या. जुन्या अपिलाच्या क्रमांकावर लिहीत राहू नका, कारण ते प्रकरण त्यांच्या नोंदीत निकाली निघालेले आहे.